सातव्या नंबरचा रविवार

"त्यात काय, एका संध्याकाळचं काम आहे," हे वाक्य मी आयुष्यात चार वेळा उच्चारलं आहे. पहिल्या वेळी बाथरूमच्या दाराची कडी बदलायची होती. तेव्हापासून आमच्याकडे आत गेलेला माणूस मोठ्याने गाणं म्हणतो. दुसऱ्या वेळी भिंतीवर फळी बसवायची होती. ती फळी आता पलंगाखाली असते आणि भिंतीवर आठ भोकं आहेत. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरातला नळ होता, त्याबद्दल पुढे येईलच. चौथ्या वेळी मी हे वाक्य ताईसमोर बोललो.

ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ती एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन आहे, म्हणजे एकतीस नर्सेसची प्रमुख. कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वॉर्डात ड्यूटी करायची, याचा महिन्याचा तक्ता गेली बावीस वर्षं ती स्वतः लावते. पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर एवढीच तिची आयुधं. दर पंचवीस तारखेला तक्ता बोर्डावर लागतो आणि बावीस वर्षांत एकीनेही त्यावर बोट ठेवलेलं नाही. तिची स्वतःची सून त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. कोणी काही बोलू नये म्हणून ताई तिला इतक्या कडक ड्यूट्या लावते की ती बिचारी सासूला घरापेक्षा बोर्डावरच जास्त घाबरते.

तर त्या दिवशी ताई गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून बसली होती. तिच्या गुडघ्यांनी राम म्हटल्याला दोन वर्षं झाली. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा तिनेच पुढे ढकलली, कारण ऑपरेशननंतर तीन महिने घरी बसावं लागणार आणि तीन महिने तक्ता कोण लावणार? आता पुढच्या महिन्याची तीन तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी नाही म्हणालात तर मी वर्षभर परदेशी चाललोय, आल्यावर गुडघ्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरेल याची हमी नाही.

"लावेल गं कोणीतरी तक्ता," मी म्हणालो.

"कोण लावेल? एकीला लावायला दिला तर उरलेल्या तीस जणी माझं ऑपरेशन होण्याआधी तिचं करतील."

तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. कारण असं की मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात संगणकावर काम करतो, आणि आमच्याकडे रविवारची ड्यूटी माझा प्रोग्राम लावतो. रविवारी टाक्यांचे आकडे बघायला आणि "आमच्याकडे पाणी नाही" हे फोनवर ऐकून घ्यायला एकाला यावं लागतं. आम्ही तेरा जण. चार वर्षांपूर्वी यावरून इतकी भांडणं व्हायची की साहेबांनी मला हा प्रोग्राम लिहायला सांगितला. त्याचा नियम साधा आहे, ज्याचे रविवार सगळ्यांत कमी भरले त्याला पुढचा रविवार. त्यानंतर ऑफिसात भांडण नाही. आयुष्यात मी केलेलं आणि अजून चालू असलेलं असं हे एकमेव काम.

"तुझ्या हॉस्पिटलच्या प्रोग्रामला माझा कोड जोडून देतो. यंत्र तक्ता लावेल, तू खुशाल ऑपरेशनला जा," मी म्हणालो.

ताईने गुडघ्यावरची बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. "एक महिना लावून दाखव, बाळ्या," ती म्हणाली. माझं वय एकोणपन्नास आहे, पण ते ताईला कोणी कळवलेलं नाही. "येत्या पंचवीसला यंत्राचा तक्ता बोर्डावर लागू दे. कोणी बोट ठेवलं नाही तर मी तीन तारखेला जाते. ठेवलं तर पुन्हा ऑपरेशनचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी मी कोड पेनड्राइव्हवर घालून हॉस्पिटलात गेलो. तिथे संगणक विभाग आहे. विभाग म्हणजे एक खोली, एक बंद पंखा आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले एक गृहस्थ, जे स्वतःचा उल्लेख विभाग असाच करतात. "विभागाला तीन वाजता चहा लागतो," असं ते म्हणाले आणि पेनड्राइव्ह लावला.

आता थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. माणसाने लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात तयार करणं याला बिल्ड म्हणतात. ते कसं करायचं याच्या सूचना एका फाईलीत असतात, कुठून काय घ्या, कुठे ठेवा, दुसऱ्या प्रोग्रामला यातलं काय वापरू द्या. माझ्या त्या फाईलीत, या जगात माझ्याखेरीज दुसरा माणूस आणि माझ्या संगणकाखेरीज दुसरा संगणक आहे, ही शक्यताच धरलेली नव्हती. विभागाने बिल्ड सुरू केलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. विभागाला वाचताना मोठ्याने वाचायची सवय होती आणि खोलीत तेव्हा तीन नर्सेस पगाराच्या स्लिपा घ्यायला आल्या होत्या.

"फोल्डर सापडत नाही," विभागाने वाचलं. "माझा संगणक, माझ्या कविता, नवीन, शेवटचं, खरंच शेवटचं, खरंच शेवटचं दोन."

तिन्ही नर्सेस माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही कविता करता?" एका नर्सने विचारलं.

"पूर्वी करायचो," मी म्हणालो.

"या कोडला तुमच्या कवितांच्या शेजारी राहायची सवय झालीय," विभाग म्हणाला. "इथे त्याला करमत नाही. याला स्वतंत्र लायब्ररी करून आणा, म्हणजे कोणाच्याही प्रोग्रामने हाक मारली तर येईल अशी. तोवर विभागाला वेळ नाही."

मी पेनड्राइव्ह खिशात घालून घरी आलो. सल्ल्याला तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले की पाया कच्चा असेल तर पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावं, आणि सुवाच्य. समोरच्या काकू म्हणाल्या, "माझ्या भाच्याला फोन लावू का? तो हेच काम करतो, पण त्याचं चालतं." बायको म्हणाली, "अहो, ते राहू द्या, आधी तो नळ बघायला कोणीतरी बोलवा." नळ म्हणजे तोच, तिसऱ्या वेळचा. तो गळत होता असं म्हणणं सौम्य होईल.

प्लंबर आला, ओट्याखाली शिरला आणि आतून विचारता झाला, "साहेब, हा कोणी बसवला?"

"का?"

"नाही, पाईप सगळा भिंतीत गाडलाय. बाहेर जोडच काढला नाही. उद्या शेजारी मशीन लावायचं म्हटलं तर भिंत फोडायला लागेल."

"मी बसवला," मी म्हणालो.

"तरीच," प्लंबर म्हणाला. मग त्याची जीभ सैल सुटली. "कसं असतं साहेब, जोड बाहेर काढायचा, आणि बाजारात मिळतो त्याच मापाचा काढायचा. आतली भानगड आत ठेवायची, पाहुण्याला दाखवायची नाही. आणि जे घराघरात वेगळं असतं ना, त्याला कॉक द्यायचा. ज्याला पाहिजे तो उघडेल, ज्याला नको तो बंद करेल. मग तुमचं काम कोणाच्याही घरात बसतं."

मी जमिनीवर बसून विजेच्या बिलाच्या मागे हे सगळं लिहून घेतलं. नोकरीत मी यावर सहा प्रशिक्षणं केली आहेत, त्यांतल्या दोन ठिकाणी जेवण उत्तम होतं, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला वाटलं मी बिल तपासतोय. तिने प्लंबरला चहा दिला आणि मला दिला नाही.

मग चार संध्याकाळी मी बसलो. कवितांचा पत्ता काढून टाकला. बाहेरच्या प्रोग्रामला फक्त एकच दार दिसेल असं केलं, यादी द्या आणि तक्ता न्या. भिंतीत गाडलेलं एकेक बाहेर काढून त्याला बिल्डच्या फाईलीत कॉक दिला. माणसं तेरा, हे पूर्वी कोडमध्येच लिहिलेलं होतं. ते आता ज्याचं त्याने ठरवायचं. दिवसात पाळ्या किती, सलग किती दिवस चालतील, सगळ्याला कॉक. ज्या कॉकला कोणी हातही लावला नाही तो आपोआप कसा राहील, तेही लिहायचं असतं. मी आमच्या ऑफिसात होतं तसंच ठेवत गेलो. मला स्वतःबद्दल आदर वाटायला लागला होता आणि तेवढ्यात ती ओळ आली.

ती ओळ अशी होती की क्रमांक सात असेल तर त्याला रविवार देऊ नये, पुढच्याला द्यावा.

आमच्या ऑफिसच्या यादीत सातवा क्रमांक माझा आहे.

आता लपवून उपयोग नाही. चार वर्षांपूर्वी प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा त्याने पहिलाच रविवार मला दिला. एवढी मेहनत मी करायची आणि बक्षीस हे! मी ती ओळ तपासणीपुरती घातली. नाव लिहिण्याइतका मी बावळट नाही, म्हणून नंबर लिहिला. मग तपासणी चार वर्षं चालली. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तक्ता एका महिन्याचा असतो आणि जो तो आपलाच रविवार मोजतो. शिवाय महिन्यातून एकदा तरी मी सोमवारी असा थकून यायचो की शेजारच्या टेबलावरून पाण्याचा ग्लास यायचा.

त्या ओळीसमोर मी एक अख्खी संध्याकाळ बसलो. काढली तर ऑफिसातही माझे रविवार सुरू होणार, कारण साहेबांनी तीच नवी लायब्ररी ऑफिसातही लावायला सांगितली होती. ठेवली तर ती कशाला ठेवली, हे स्वतःला विचारायची माझी तयारी नव्हती. शेवटी मी प्लंबरचं ऐकलं. तिलाही कॉक दिला. नाव ठेवलं "विशेष समायोजन", म्हणजे वाचणाऱ्याला झोप यावी. आपोआप स्थिती ठेवली चालू, ऑफिसच्या कामात खंड नको म्हणून. आणि सूचनांच्या चौथ्या पानावर तळाला लिहिलं, "आवश्यकता नसल्यास बंद करावे." माझ्या सदसद्विवेकबुद्धीला एवढं पुरेसं वाटलं.

पण कोड ऑफिसचा. पहिल्या वेळी मी तो न विचारताच नेला होता, पण आता तो तिथे कायमचा बसणार, तर लेखी परवानगी हवी. साहेब देवमाणूस, ते म्हणाले, "हॉस्पिटलला जाणार म्हणता तर न्या, फक्त कागद करा." कागद आवक-जावकच्या बाईंकडे. त्यांच्याकडे बाहेर जाणाऱ्या वस्तूंचा एकच फॉर्म होता, गेटपासचा.

"वस्तू?" बाईंनी विचारलं.

"कोड."

"नग किती?"

"एक म्हणा."

"परत कधी आणणार?"

"परत आणायचा नाही. तो इथेही राहणारच आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नेणार की ठेवणार?"

"दोन्ही."

"दोन्हीला रकाना नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनाच माझी दया आली आणि परतीच्या रकान्यात त्यांनी 'लागू नाही' लिहिलं. पुढचा रकाना वजनाचा. तो मोकळा ठेवला की पहारेकरी अडवतो, म्हणून पेनड्राइव्ह टपालाच्या काट्यावर ठेवला. नऊ ग्रॅम भरला. फाटकावर पहारेकऱ्याने गेटपास दोनदा वाचला, पेनड्राइव्ह तळहातावर घेऊन अंदाज घेतला आणि विचारलं, "नऊ ग्रॅम टोपणासकट की टोपणाशिवाय?" मी परत वर गेलो. टोपणाशिवाय आठ होते. दुरुस्तीवर साहेबांची सही लागली आणि साहेब जेवायला गेले होते.

चोवीस तारखेला विभागाच्या खोलीत मी पुन्हा हजर झालो. या वेळी लाल अक्षर एकही आलं नाही. बिल्ड सुरू होताना माझी लायब्ररी आपले सगळे कॉक आणि त्यांची स्थिती पडद्यावर छापते; ही सोय मी मोठ्या अभिमानाने केली होती. विभागाने हॉस्पिटलपुरतं लागणारं भरलं, एकतीस माणसं, तीन पाळ्या. बाकी काहीही न वाचता ते पुढे, पुढे, पुढे असं दाबत गेले. सूचनांची चार पानं त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवली होती.

पडद्यावरून ओळ सरकली, "विशेष समायोजन : चालू."

मी ती पाहिली. मी तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ताई काठी टेकत आत आली, यंत्रातून निघालेला तक्ता हातात धरला आणि म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा चोवीस तारखेला माझ्या साडीवर रबराचा कचरा नाही." मी विसरलो, असं नंतर मी दोघा-तिघांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ते बंद करा म्हटलं असतं तर ते काय आहे, असं कोणीतरी विचारलं असतं. सातवी जी कोणी असेल तिला महिनाभर रविवार मिळतील, तिचं भलं होईल, पुढच्या महिन्यात गुपचूप बंद करू, असा मी हिशेब केला आणि ताईबरोबर चहा प्यायलो.

सव्वीस तारखेला सकाळी फोन आला. ताईची सून होती.

"मामा, लगेच या. आई बोर्डापुढे उभ्या आहेत आणि बसा म्हटलं तर बसत नाहीत."

मी गेलो तर बोर्डापुढे ही गर्दी. तक्त्यात प्रत्येकीला दोन-तीन रविवार आले होते. सातव्या ओळीत एकही नव्हता. सेवाज्येष्ठतेच्या यादीत सातवी कोण, हे मी कधी विचारलंच नव्हतं. सातवी ताईची सून होती.

एक वयस्क नर्स पुढे होती. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच भीती वाटली. "मेट्रन, बावीस वर्षं आम्ही कधी विचारलं नाही. आज विचारते. तुम्ही सुट्टीवर निघालात, यंत्र आलं, आणि पहिल्याच महिन्यात सूनबाईंचे सगळे रविवार मोकळे?"

"सिस्टर, मला खरंच माहीत नाही," ताई म्हणाली. हे वाक्य ताईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

सूनबाई माझ्या कानाशी म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदा सगळे रविवार मोकळे मिळाले मामा, आणि मला रडू येतंय."

ताईने बोर्डावरून तक्ता काढला आणि त्याची चौकोनी घडी घातली. "पेन्सिल आणा कोणीतरी," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांना कळवा, मी तीन तारखेला येत नाही." हे बोलताना तिने बोर्ड धरलेला होता, कारण काठी खाली पडली होती आणि ती उचलायला तिला वाकता येत नव्हतं. मी काठी उचलून दिली.

"तांत्रिक अडचण आहे ताई," मी म्हणालो. "संगणकांत होतं असं."

हे म्हणायला नको होतं, कारण दारात विभाग उभा होता. "विभागाची अडचण?" ते म्हणाले. त्यांच्या हातात परवाच्या बिल्डचा छापील कागद होता आणि माझ्या सूचनांची चार पानं, चौथ्यावर चहाचा गोल डाग. "विभागाने फक्त पुढे दाबलं. हे बघा, विशेष समायोजन, चालू. म्हणून विभागाने कोड उघडून आत बघितलं. आत लिहिलंय, सातव्याला रविवार देऊ नये. हे आमच्याकडचं नाही मेट्रन. हे कोडबरोबर आलंय."

ताईने कागद वाचला. मग तिने मान वर केली. लहानपणी घरकामाच्या चिठ्ठ्या मी बनवायचो आणि ताई त्या उचलायला लावायची. भांडी घासायची चिठ्ठी मला कधीच यायची नाही. एकदा तिने माझी मूठ उघडून बघितली होती. तेव्हा तिने जसं बघितलं होतं तसंच आता बघितलं.

"बाळ्या," ती म्हणाली, "तुझा ऑफिसात नंबर कितवा?"

तीस नर्सेस माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या तिघींना माझ्या कविताही माहीत होत्या.

"सातवा," मी म्हणालो.

आधी कोणाला कळलं नाही. मग त्या वयस्क नर्सला कळलं. तिने पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि मग सगळा व्हरांडा हसला. चार वर्षं? दर रविवारी? ताई तेवढी हसली नाही. तिने घडी घातलेल्या तक्त्याची मागची बाजू माझ्यापुढे केली.

"लिही," ती म्हणाली. "तुझ्या अक्षरात."

मी लिहिलं, "या तक्त्यातली चूक मेट्रनची नाही, त्यांच्या सुनेची नाही, विभागाची नाही आणि यंत्राचीही नाही. माझ्या ऑफिसात रविवारची ड्यूटी टाळण्यासाठी मी केलेली लबाडी चुकून इथे आली. मेट्रनचा धाकटा भाऊ." ताईने वाचलं, आणलेली पेन्सिल घेतली, 'चुकून' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद बोर्डावर टाचला.

"आता ते बंद करतो," मी म्हणालो.

"बंद नको. बंद केलेलं कोणीही चालू करतं. काढून टाक."

"काढलं तर यांच्या ऑफिसातूनही निघेल," विभाग म्हणाला. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आनंद पाहिला. "आता दोन्हीकडे एकच लायब्ररी आहे ना. एका जागी दुरुस्त केली की सगळीकडे होते. हाच तर तिचा फायदा."

मी ती ओळ विभागाच्या खोलीत जाऊन, सगळ्यांसमोर, काढली. पुन्हा बिल्ड केलं, नवा तक्ता निघाला. सातव्या ओळीत दोन रविवार होते. वयस्क नर्सने बोटाने एकेक ओळ तपासली, मग बोट उचललं. "मेट्रन," ती म्हणाली, "तीन तारखेला किती वाजता न्यायचंय तुम्हाला?" ताई तेव्हा कुठे खुर्चीत बसली.

घरी बायकोला सांगणं बाकी होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे रविवारी तुमचीही पाळी यायची, ती तुम्ही टाळायचात?" ती म्हणाली. "मला वाटायचं ऑफिसला तुमची गरजच पडत नाही. म्हणून मी चार वर्षं कोणाजवळ विषय काढला नाही." मग तिने मला चहा करून दिला.

ऑफिसात जुनी लायब्ररी तशीच ठेवून द्यावी, हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. तो फाटकापासून जिन्यापर्यंत टिकला. जिन्यावर आवक-जावकच्या बाई भेटल्या. दुरुस्त होऊन वस्तू परत आली म्हणजे आवक नोंद हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. पेनड्राइव्ह काट्यावर गेला. आठ ग्रॅम. माझी एक ओळ कमी झाली होती, पण काट्याला ते कळलं नाही. मग मी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "आम्ही तुम्हाला सोमवारी पाण्याचा ग्लास द्यायचो हो."

नवी लायब्ररी लागली आणि तिने आपलं काम केलं. ज्याचे रविवार सगळ्यांत कमी त्याला पुढचा रविवार. बाकीच्यांचे चार वर्षांत सतरा-सतरा झाले होते, माझा शून्य. तिने मला ओळीने सतरा रविवार दिले. मी तक्ता वरून खाली आणि खालून वर तपासला. चूक सापडली नाही. कोड चांगला लिहिला होता.

तिसऱ्या रविवारी सकाळी ऑफिसात मी एकटा टाक्यांचे आकडे उतरवत होतो. फोन वाजला. मी सवयीने म्हटलं, "कोणत्या भागात पाणी नाही?"

"बाळ्या, मी," ताई म्हणाली. ऑपरेशन होऊन तीन आठवडे उलटले होते, ती घरी आली होती. "आज पलंगापासून दारापर्यंत गेले. अकरा पावलं. कोणाला न धरता."

मी विचारलं, "पुढच्या महिन्याचा तक्ता लागला?"

"लागला. सूनबाईला तीन रविवार आलेत. कोणी काही बोललं नाही, ती सोडून." मग ती जरा थांबली. "तुझे किती राहिले?"

"आजचा संपला की चौदा."

"डॉक्टरांनी मला तीन महिने सांगितलेत," ताई म्हणाली. "बघू या, आधी कोण सुटतं ते."